अंबानगरीत हृदयतज्ज्ञांचे स्वागत

दारू आणि हृदयाचा ताल या विषयावरील परिषदेसाठी अकोल्यासह दूरदूरहून आलेल्या डॉक्टरांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. स्वागताध्यक्षपदाला अमरावतीत मोठा वारसा आहे. १८९७ साली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. आजचे स्वागताध्यक्ष कापसाचे व्यापारी. हृदयशास्त्राशी त्यांचा संबंध ईसीजी काढून घेण्यापुरताच.

पाहुण्यांनी एखादे व्याख्यान चुकवले तरी चालेल, पण श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहिल्याशिवाय जाऊ नये. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते सुरू केले. १९३६ साली मंडळाचे पथक थेट बर्लिन ऑलिंपिकला गेले आणि कबड्डीसह आपले देशी व्यायामप्रकार तिथे दाखवून आले! ज्या गावाने तरुणांच्या छातीची एवढी निगा राखली, त्याने छातीतल्या ठोक्यांची परिषद भरवणे ओघानेच आले.

विषय तज्ज्ञ सांगतीलच. न्यू जर्सीतील डॉ. एटिंगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली २४ रुग्णांची नोंद करून ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव रूढ केले. सुट्टीत भरपूर ढोसल्यावर हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी वेडीवाकडी धावते. आत गुठळी होऊन मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. वऱ्हाडात त्यासाठी नाताळ लागत नाही, धुळवड आणि पोळ्याची कर पुरते. ऑस्ट्रेलियातील १४० रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) दारू सोडायला सांगितलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना ताल बिघडण्याचा त्रास पुन्हा झाला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना.

ईसीजी न काढता हे दुखणे ओळखणारा माणूस याच जिल्ह्यातला. शेंडगावच्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पुढे मुलीच्या बारशाला भावकीने रिवाजाप्रमाणे दारू-मटण मागितले, तर डेबूजीने गोड जेवण वाढले. तेच गाडगेबाबा. म्हणून परिषदेच्या रात्रीच्या जेवणातही ‘ती’ सोय नाही. कुणी रागावू नये.

बाकी उणिवांबद्दल समिती दिलगीर आहे. काही खोल्यांत कूलर आवाज करतात, गिला वडा तेलकट आहे, आहारतज्ज्ञांनी तिकडे काणाडोळा करावा. जिनिंगवाले, औषधविक्रेते, मंडपवाले आणि गाद्या देणारे शेजारी यांचे आभार. नावे फलकावर आहेत, एखादे सुटले असल्यास दुपारपर्यंत सांगावे. भोजनाची कुपने नोंदणीच्या टेबलावर मिळतील.