संतांचा धावा आणि घरातला वाद
कॅथलिक परंपरेत गावाला, धंद्याला, आजारालाही आश्रयदाता संत असतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. अशा संताला नवस बोलणारी आजी आणि पेंटेकोस्टल मंडळीत गेलेला नातू यांच्यात खटका उडतो तो मध्यस्थीवरून. नातवाचा आधार तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र: मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आजीच्या मते, शेजारणीला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे, तसेच हे.

वाद जुना आहे. इ.स. ७८७ च्या निकेया परिषदेने देवाची आराधना आणि संतप्रतिमांचा सन्मान यांत फरक केला. १५३० च्या ऑग्सबर्ग जाहीरनाम्यात ल्यूथरपंथीयांनी संतांचे स्मरण मान्य केले, धावा नाकारला. १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेने तोच धावा उचित ठरवला. गंमत अशी, की १५०५ मध्ये वादळात सापडलेल्या मार्टिन ल्यूथरने खाणकामगारांच्या संत अ‍ॅनचाच धावा करून मठात जाण्याचा नवस केला होता. खाणधंद्यातले वडील त्यावर भडकले.

घरात मात्र धर्मशास्त्रापेक्षा साधे प्रश्न जास्त टोचतात: नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, बसायचे का, सणाच्या मिरवणुकीत चालायचे का, आणि वाटणीत वडिलोपार्जित मूर्ती कोणाकडे जाणार.