नव्या ताऱ्याची वर्दी

मंद्रूप हें गांव सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वैशाखांतील उत्तररात्रीं तेथील माळवदावर उभ्या असलेल्या एखाद्या हौशी निरीक्षकाला श्रवणाजवळ, नकाशांत नसलेला तेजोबिंदु दिसला, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. क्षण मोठा मोहाचा खरा. उजाडण्यापूर्वींच ही वार्ता जगाला कळवावी, असें कोणालाहि वाटेल. परंतु ज्योतिषशास्त्रांत शोधकाला प्रथम स्वतःच्याच साक्षीची उलटतपासणी करावी लागते.

तो बिंदु एखादा ग्रह तर नव्हे? पंचांग पाहावें. भिंगांतील खोटें प्रतिबिंब तर नव्हे? दूरदर्शक किंचित् हलवितांच तें ताऱ्यांमधून सरकेल. तास दोन तासांनीं बिंदूनें जागा बदलली, तर तो तारा नसून लघुग्रह किंवा धूमकेतु असावा. एखादा रूपविकारी ताराहि तेज वाढल्यामुळें नवा भासतो. एवढ्या शंका फिटल्यावर दुसऱ्या जाणत्या मनुष्यास तो बिंदु दाखवावा. मग विषुवांश, क्रांति, शेजारच्या ताऱ्यांशीं ताडून ठरविलेलें तेज आणि अचूक वेळ हीं लिहून काढावीं. भारतीय वेळेंतून साडेपांच तास वजा केले म्हणजे जागतिक वेळ मिळते. अशा वार्ता स्वीकारणारी मध्यवर्ती कचेरी १८८२ सालीं जर्मनींतील कील येथें निघाली. पुढें ती कोपनहेगनला गेली आणि १९६५ पासून अमेरिकेंतील केंब्रिज येथें आहे.

आंकडे लिहून ठेवण्याचें महत्त्व मंद्रूपच्या त्याच रस्त्यानें पुढें गेल्यास कळतें. बागलकोट-विजापूर भागांत आयुष्य वेचलेले शिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं १९११ सालीं फ्रेंच ज्योतिष परिषदेच्या मासिकांत नेपच्यूनपलीकडील ग्रहाचें भाकीत प्रसिद्ध केलें. त्याचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या ३८·९५ पट व प्रदक्षिणाकाल २४२·२८ वर्षें, असें त्यांचें गणित होतें. १८ फेब्रुवारी १९३० रोजीं क्लाइड टॉमबो यांना लॉवेल वेधशाळेंतील छायाचित्रांत प्लूटो सांपडला. त्याचे आंकडे सुमारें ३९·५ पट आणि २४८ वर्षें असे निघाले. आंकडे जवळचे असले, तरी तेवढ्यावरून शोधाचें श्रेय केतकरांस देतां येत नाहीं. प्लूटो सांपडला तो छायाचित्रांच्या तुलनेनें. तथापि केतकरांनीं मोघम न बोलतां आंकडे छापले, म्हणूनच त्यांचें म्हणणें आजहि मोजून पाहतां येतें.

आणि त्या वेधशाळेनें तरी लगेच दवंडी पिटली काय? नाहीं. पुनःपुन्हां वेध घेऊन १३ मार्चला, तीन आठवड्यांहून अधिक काळानें, वार्ता जाहीर झाली. वेधशाळा एवढें थांबते, तर माळवदावरील निरीक्षकानें एक रात्र थांबण्यास हरकत नाहीं.

इतकें करून अखेरीस तो बिंदु जुनाच रूपविकारी तारा निघाला, तरी टिपण फाडूं नये. त्या ताऱ्याचें त्या रात्रीचें तेज, हीहि शास्त्राला हवी असलेलीच नोंद आहे.