विंचवाचे विष आणि ईश्वराचा प्रश्न



‘विज्ञान, धर्म आणि ईश्वर’ हा विषय कार्यवाहांनी आम्हांला दिला. विषय आभाळाएवढा आहे. ईश्वर आहे की नाही, मेल्यावर पुढे काय, हे जग कोणी निर्माण केले, यावर आजवर मोठमोठ्या विद्वानांनी वाद घातले. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्ही एका लहान प्राण्यापासून सुरुवात करतो. तो प्राणी म्हणजे विंचू.

आमच्या लहानपणी कोकणातील आमच्या वस्तीत एका मुलाला पेंढा काढताना लाल विंचू चावला. घरच्यांनी त्याला मांत्रिकाकडे नेले. मांत्रिकाने अंगारा लावला, मंत्र पुटपुटला, विष उतरले म्हणून सांगितले. थोड्या वेळाने मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि पहाटे धाप लागून तो गेला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मांत्रिक म्हणाला, घरात देवीचे काही तरी राहिले असणार. त्या माउलीने पुढची कित्येक वर्षे आपल्या हातून कोणते पाप घडले ते शोधण्यात घालवली. त्या घरात भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, हेही येथे सांगितले पाहिजे. ते लपवून उपयोग नाही.

मांत्रिकावर लोक विश्वास का ठेवत? लोक मूर्ख होते म्हणून नव्हे. विंचू चावलेल्या पुष्कळांना भयंकर वेदना होतात, पण विष अंगभर भिनत नाही. काही तासांनी वेदना आपोआप ओसरतात. मोठी काळी इंगळी दिसायला भीतिदायक, पण आपल्याकडे तिच्यामुळे माणूस सहसा दगावत नाही. म्हणजे मांत्रिकाकडे गेलेले बहुतेक लोक बरे होऊनच परतत. जे परतत नसत त्यांचा हिशेब देवाच्या खात्यावर पडे. असा धंदा कधी तोट्यात जात नाही!

आता त्याच कोकणातील दुसरी गोष्ट ऐका. महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आणि चवदार तळे आठवते. त्या महाड परिसरात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण सरकारी डॉक्टर आले. विंचू चावलेले रुग्ण डोळ्यांदेखत मरत होते आणि हाताशी खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, धाप केव्हा लागली, सारे टिपत गेले. त्यातून उलगडा झाला तो असा : लाल विंचवाच्या विषाने शरीरात अशी द्रव्ये एकदम उसळतात की रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, ते थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी देऊन पाहिली. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली त्यांनी लक्षणांबद्दल लिहिले आणि १९८६ साली या गोळीबद्दल. पूर्वी गंभीर विषबाधेच्या शंभर रुग्णांपैकी चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या घरात आले. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. नुसती गोळी बरी की जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिलेली बरी, याची त्यांनी तुलना केली आणि जोडीने दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे २०११ साली प्रसिद्ध केले. आपल्याच उपायाला पुन्हा कसोटीवर लावले. कोणत्या मांत्रिकाने असे केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

या साऱ्यात ईश्वर नाही असे कोणी सिद्ध केले का? नाही. तो प्रश्न डॉक्टरांनी हाती घेतलाच नव्हता. ‘देवाची मर्जी’ या नावाखाली जे झाकले होते त्याचा एक कोपरा उघडला, इतकेच.

येथे मालुंक्यपुत्ताची आठवण होते. जग शाश्वत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगळे, मरणानंतर तथागत असतात की नसतात, याचे उत्तर द्या, नाही तर मी भिक्षूचे जीवन सोडतो, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, उंच की ठेंगणा, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असा हट्ट तो धरील तर उत्तर मिळण्याआधीच मरेल.

यावरून आपले काही वक्ते बुद्ध हे पहिले वैज्ञानिक होते असे सांगतात. टाळ्या मिळतात, पण आम्हांला ते पटत नाही. जगाच्या आरंभाचा प्रश्न तथागतांनी बाजूला ठेवला, कारण त्याने दुःख सुटत नाही. विज्ञानाने तो प्रश्न साधने येताच हाती घेतला आणि विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असल्याचे मोजून काढले. दोघांचे मौन वेगवेगळ्या कारणांचे आहे. साम्य असलेच तर एवढे की, जे माहीत नाही त्याच्या नावावर दोघेही कोणाला भीती घालत नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माच्या केंद्रस्थानी ईश्वराला न ठेवता नीतीला ठेवले, ते विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे.

पण त्या आईचे काय? पेंढ्यात विंचू होता हे उत्तर खरे आहे, पण तेवढ्याने तिची रात्र सरत नाही. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा भगवंतांनी चमत्कार केला नाही, तिचे पापही काढले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तिला एकेक मरण ऐकायला मिळाले. आमच्या वस्तीतल्या आईसाठी आम्ही एवढेही केले नव्हते. तिला पाप शोधत बसू दिले.

प्राझोसिनबद्दल वाचल्यावर आम्ही मुद्दाम तिच्याकडे गेलो. मुलगा गेला तेव्हा हा उपाय निघालेलाच नव्हता. दवाखान्यात नेले असते तरी तो वाचताच असे नाही. विष हृदयावर कसे चढते ते तिला जमेल तसे समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे बाबा, माझं काही चुकलं नव्हतं?”

नाही, असे आम्ही तिला सांगितले. त्या एका शब्दाला आम्ही तीस वर्षे लावली.