आधी भांडी, मग मांडणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरकाम करणारी बाई. मी सुतारकामावर बोलणार म्हटल्यावर काहीजणींस हसू आले असेल. पण घरातली मांडणी, पाट, पोळपाट रोज वापरतो कोण? आपणच ना? मग ते कसे असावे, हे आपण का सांगू नये?

गेल्या वर्षी आमच्या डोंगरकड्याच्या घराचे जुने माळवद उतरविले. सागवानी तुळया जळणाच्या भावाने विकावयाचे ठरत होते. मांडणी बाजारात तयार मिळते, असे घरच्यांचे म्हणणे. मी दोन तुळया मागून घेतल्या. कोरडे राहिले तर सागाचे लाकूड फार टिकते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी सुमारे २,००० वर्षे उभ्या आहेत. मग आमच्या तुळया चुलीत का घालाव्या?

सुतारमामा आले. म्हणाले, "सूनबाई, नकाशा कुठाय?" मी म्हटले, "नकाशा नाही मामा, भांडी आहेत."

हंडे, डबे भिंतीशी ओळीने मांडले व कोळशाने खुणा केल्या. पिठाचा डबा उंच आणि जड, म्हणून खालचा खण मोठा. सासूबाईंचे गुडघे धरलेले, खांदाही दुखतो. त्यांना उभे करून हात जेथे सहज पोचला, तेथे मधली फळी धरली.

तुळई चिरली तर एक टोक वाळवीने पोखरलेले निघाले. ते कापल्यावर लांबी हातभर घटली. मग रुंद मांडणीचा विचार सोडला व ती अरुंद करून वर एक फळी वाढविली. तेथे सणावाराची पितळी भांडी राहतात. तुळईची जुनी खाच बुजविली नाही. तीत दांडी बसवून पळ्या-झारे अडकविले.

असे करीत करीत करावयाचे, म्हणजे मनास येईल तसे नव्हे. वस्तू कोणासाठी, कोठे व कशाला, हे आधी पक्के हवे. कापताना बोटभर जास्त ठेवावे; जास्तीचे रंध्याने निघते, तोकडे वाढत नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून फळ्यांमध्ये थोडी फट सोडावी. आणि खुंट्या अगदी शेवटी ठोकाव्या. आम्ही मांडणी चार दिवस दोरीने बांधून वापरली. तेव्हा कळले की कोपऱ्यातला पाय केर काढताना आड येतो. तो चार बोटे सरकविला, मगच खुंट्या ठोकल्या.

आता चहा-साखरेच्या डब्यासाठी सासूबाई कोणास हाक मारीत नाहीत. सकाळचा पहिला चहा त्याच करतात.

भगिनींनो, सुताराशी पुरुषमाणसे बोलतात आणि वाकावे लागते आपल्याला. पुढच्या वेळी आपली भांडी घेऊन आपणच पुढे व्हावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.