फुकटच्या उपचाराचा हिशेब



गरिबाला औषधोपचार मोफत दिला की तो गरज नसताना दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतो, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत १९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत गरिबांच्या उपचारखर्चासाठी मेडिकेड ही सरकारी योजना आली आणि तिच्या पाठोपाठ ही तक्रारही आली. विमाव्यवसायातला ‘नैतिक जोखीम’ हा शब्द तिला चिकटला. वास्तविक मार्क पॉली या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ सालीच म्हटले होते की, किंमत उतरली की वापर वाढतो, यात नीती-अनीतीचा प्रश्न नाही. पण त्या शब्दातला ‘नैतिक’ तेवढा राज्यकर्त्यांच्या कानात राहिला, आणि तोही गरिबांपुरताच!

तक्रारीवरचा उपाय ठरलेला: दाराशी थोडे पैसे घ्या. कॅलिफोर्नियाने १९७२ साली तो करून पाहिला. काही लाभार्थ्यांना महिन्यातल्या पहिल्या दोन भेटींसाठी प्रत्येकी एक डॉलर आणि पहिल्या दोन औषधचिठ्ठ्यांसाठी प्रत्येकी अर्धा डॉलर भरावा लागू लागला. दवाखान्यातली गर्दी ओसरली. मिल्टन रोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्याच लोकांचे रुग्णालयात दाखल होणे मात्र वाढलेले दिसले.

या निष्कर्षावर वाद झाला. रँड संस्थेचा प्रयोग अधिक काटेकोर होता. जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली १९७४ ते १९८२ या काळात सुमारे दोन हजार कुटुंबे चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने निरनिराळ्या विमायोजनांत घातली गेली. काहींना सर्व मोफत, काहींना बिलातला वाटा भरावयाचा. वाटा भरणाऱ्यांनी उपचार कमी घेतले आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीचे त्याने फारसे बिघडले नाही. शुल्काच्या पुरस्कर्त्यांना एवढेच वाक्य पाठ आहे. लोकांनी निरुपयोगी उपचार जेवढा टाळला, जवळजवळ तेवढाच उपयुक्त उपचारही टाळला. आणि आधीच रक्तदाबाने आजारी असलेल्या गरिबांत मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला, हे ते सांगत नाहीत. छातीतली कोणती कळ पित्ताची आणि कोणती हृदयाची, हे रुग्णाने पैसे मोजून कसे ओळखावे?

तथापि कार्यकर्त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. मोफत उपचाराने वापर वाढतो. ऑरेगॉन राज्याने २००८ साली मेडिकेडच्या मर्यादित जागांसाठी सोडत काढली. सोडतीतून ज्यांना मेडिकेड मिळाले, त्यांचे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाणे पुढील दीड वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. त्यातल्या पुष्कळ भेटी साध्या दवाखान्यात निभावण्याजोग्या होत्या. विमा मिळाला की ही गर्दी आपोआप हटेल, असे सांगणारे पुरोगामी तोंडघशी पडले. त्याच सोडतीने नैराश्य घटल्याचे आणि उपचारापायी कंगाल करणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाल्याचेही दाखवले. पण ते सांगताना ४० टक्के लपवू नयेत.

मग हा माणूस तातडीच्या विभागातच का जातो? मेडिकेडचा मोबदला खाजगी विम्याहून पुष्कळ कमी, म्हणून अनेक डॉक्टर तिचे रुग्ण घेतच नाहीत. तातडीच्या विभागाला मात्र १९८६ च्या कायद्यान्वये आलेल्या कोणालाही तपासल्यावाचून परत पाठवता येत नाही. शिवाय तासाच्या मजुरीवरचा माणूस भरदुपारी काम सोडून डॉक्टरकडे कसा जाणार? ज्याला एकच दार उघडे ठेवले, तो त्याच दाराने वारंवार आला, आणि त्याला ‘अतिवापर’ म्हटले गेले.

इतके होऊनही जुलै २०२५ च्या अमेरिकन कायद्याने मेडिकेडच्या विस्तारात आलेल्या, दारिद्र्यरेषेच्या वरच्या प्रौढांकडून ऑक्टोबर २०२८ पासून काही सेवांसाठी ३५ डॉलरपर्यंत शुल्क घेणे राज्यांना बंधनकारक केले. प्राथमिक उपचार आणि तातडीची सेवा वगळली आहे, एवढे शहाणपण जुन्या अनुभवातून आले म्हणावयाचे.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. गर्दी वाढली की येथेही केसपेपरला पैसे लावा, अशी सूचना येणारच. त्या वेळी पक्षशाखांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी लिहून आणाव्यात: दाराशी किती रक्कम जमेल, डॉक्टरांची किती पदे रिकामी आहेत, आणि शेतमजूर कामावरून सुटतो त्या वेळी बाह्यरुग्ण विभाग उघडा असतो की नाही.