लष्करातून निवृत्त झालेली गाडी



सैन्यातून माणूस निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. गाडी निवृत्त झाली की तिचा लिलाव होतो. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आणलेल्या असंख्य गाड्यांना एकाएकी काम उरले नाही. जीप, डॉज, कॅनडात बनलेल्या चपट्या नाकाच्या शेव्हरोले आणि फोर्ड अशा गाड्या ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून विकल्या गेल्या. पुढच्या काळात त्यांनी लाकडे वाहिली, माणसे वाहिली, आणि पाठीवर क्रेन घेऊन रस्त्यात बंद पडलेल्या दुसऱ्या गाड्याही ओढल्या. त्यांतल्या काही अजून चालू आहेत. अशी गाडी घरी सांभाळायची म्हणजे काय, यावर आज थोडे बोलणार आहे.

जीपला ट्रक का म्हणायचे, असे कुणी विचारील. अमेरिकन सैन्याच्या दप्तरात तिची नोंदच मुळी ‘पाव टनी ट्रक’ अशी आहे! आमच्या घरी चेंबूरला जी आहे, ती याच जातीची विलिस. कॉलेजातले तास संपले की माझा बराच वेळ तिच्याखाली जातो.

या गाड्या टिकल्या त्या जशाच्या तशा राहिल्या म्हणून नव्हे, तर बदलत गेल्या म्हणून. पेट्रोल परवडेना, तेव्हा मालकांनी कॅनेडियन ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले, जीपमध्ये महिंद्राचे बसवले. सुतारांनी लाकडी टप केले, लोहारांनी पाटे वाढवले. जीपच्या बाबतीत मुंबईचे नशीब विशेष चांगले. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी इथेच विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिची वंशावळ अनेक वर्षे चालवली. त्यामुळे युद्धातल्या जीपला लागणारे कितीतरी सामान दुकानात मिळत राहिले. बाकीचे कुर्ल्याचा लेथवाला करून देतो.

खेड्यात आपण पाहिलेल्या जुन्या महिंद्रा जीपचे बॉनेट युद्धातल्या जीपपेक्षा उंच का, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. युद्धातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच होते. पुढच्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व वर, हेडमध्ये नेला. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट उंच झाले. खालच्या ब्लॉकची ठेवण मात्र बरीचशी तीच राहिली. म्हणून एकाचे सामान दुसऱ्याला चालते.

आता हत्यारांकडे येऊ. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. आपले मिस्त्री ते सुतात मोजतात, आठ सुतांचा एक इंच. चार सुती पाना म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना बसतो खरा, पण किंचित ढिला बसतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे घासून जातात. मग छिन्नी आणि शिव्या! इंचाच्या पान्यांचा एक जुना संच घ्यावा; गाडी असेपर्यंत तो पुरतो.

आमच्याकडे खरा शत्रू पावसाळा. जीपच्या मागच्या तळाखाली टोपीच्या आकाराची पत्र्याची पन्हळ असते आणि तिच्या आत लाकडाची पट्टी. ते लाकूड पाणी पिऊन बसते, आणि वरून रंग चकचकीत दिसत असताना पत्रा आतून कुजतो. म्हणून मे महिन्यातच तळाची भोके मोकळी करावीत, पट्टी कुजली असेल तर बदलावी. ताडपत्री घट्ट आवळू नये. खालून वारा खेळला पाहिजे. रंगासाठी चासी घासताना तिच्यावरचा क्रमांक घासून टाकू नये, कारण त्याच क्रमांकावर गाडीची कागदोपत्री ओळख अवलंबून असते.

विजेचीही एक गोष्ट सांगतो. युद्धातली जीप ६ व्होल्टची. ३६ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर ३ च. प्रवाह दुप्पट झाला की त्याच तारेत होणारा नाश चौपट होतो. म्हणून ६ व्होल्टला तार जाड लागते आणि सांधे स्वच्छ लागतात. दिवे मिणमिणतात म्हणून लोक घाईने १२ व्होल्टची बॅटरी बसवतात. जुना स्टार्टर त्या बॅटरीवर इतका जोरात फिरतो की फ्लायव्हीलचे दात उडतात. माझे मत असे की आधी अर्थिंगचे सांधे घासून पाहावेत. पुष्कळदा एवढ्यावरच भागते.

पेट्रोलही आता जुने राहिले नाही. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पंपाचा पडदा, नळ्या असल्या जुन्या रबराच्या वस्तू फुगवते, चिरवते. नळ्या आणि पडदा नव्या रबराचे घ्यावेत, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण तो न केला तर आग लागू शकते.

चाकांबद्दल मात्र हात जोडून सांगतो. पुष्कळ लष्करी चाके दोन अर्ध्या तबकड्या नटांनी जोडून केलेली असतात. आतल्या वर्तुळातले नट चाक गाडीला धरतात, बाहेरचे नट त्या तबकड्या एकमेकींना धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचा नट सोडला तर तबकडी तोफेच्या गोळ्यासारखी उडते आणि समोरच्या माणसाचा जीव जातो. ब्रिटिश पद्धतीत हे नट मुद्दाम लाल रंगवत. अनेक रंगांखाली तो लाल रंग केव्हाच गेला. आधी व्हॉल्वची पिन काढावी, हवा पूर्ण जाऊ द्यावी, मगच पाना लावावा. आणि आपण स्वतः ते नट पुन्हा लाल रंगवावेत.

राहिला कायदा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण; चेंबूरकरांना त्यासाठी वडाळ्याला जावे लागते. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा बदल मनाने करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर परवानगी आधी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. त्यात नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले आणि नोंदणीची मुदत १० वर्षे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही.

इथे मला अडचण दिसते. ज्या डिझेल इंजिनाने कॅनेडियन ट्रकला तीस-चाळीस वर्षे पोसले, तेच आता त्याला या यादीबाहेर ठेवते. हौसेने काल केलेला बदल आणि पोटासाठी आजोबांनी केलेला बदल नियमाला सारखाच. तरी केवळ यादीत बसावे म्हणून चालते डिझेल उपटून कुठून तरी मूळ इंजिन शोधून बसवणे मला पटत नाही. तो बदल हाही त्या गाडीचा इतिहासच आहे. ज्यांच्या गाडीत मूळ इंजिन अजून आहे त्यांनी मात्र ते हलवू नये, आणि जो भाग काढाल तो भंगारवाल्याला देऊ नये. तेल लावून, कापडात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावा. चिठ्ठीवर भागाचे नाव, काढल्याची तारीख आणि त्याचे बोल्ट कोणत्या डब्यात आहेत तेही लिहावे.