टेम्पोचा मिणमिणता दिवा

आमच्या गटाचा जुना टेम्पो पहाटे अंधारातच भाजी घेऊन बाजाराला निघतो. मागे त्याचा डावा हेडलाइट मिणमिणायला लागला आणि वळणावर एक सायकलवाला जेमतेम वाचला. आम्ही दोनदा बल्ब बदलला, पैसे वाया! दिवा अजिबात लागत नसेल तर बल्ब, फ्यूज बघावा. एकच मंद असेल तर बहुधा अर्थिंग कच्चं असतं. बॅटरीच्या मायनसपासून एक जादा वायर दिव्याच्या अर्थिंगला टेकवली, लगेच लख्ख उजेड! मग बॅटरीची वायर सोडवून अर्थिंगचा गंजलेला बोल्ट पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला. आणि फ्यूज उडाला म्हणून सिगारेटची चांदी गुंडाळू नका बरं, वायरिंग पेटतं. आता निघण्याआधी आम्ही दोन्ही दिवे भिंतीवर पाडून बघतो.